पश्चिमेचा खण

लोखंड वाकण्याआधी ओरडतं. आपल्याला ते ऐकू येत नाही, एवढंच. पोलादी नळीवर तिला सोसवेना इतका भार आला की तिच्या आतले कण जागचे सरकतात आणि त्या सरकण्याचा एक बारीक, टोकदार आवाज निघतो. माणसाच्या कानाला तो लागत नाही. हा आवाज ऐकणारं यंत्र निघालं तेव्हा बांधकामाच्या धंद्यात सगळ्यांना हायसं वाटलं. कारण या धंद्यात इमारती फारशा पडत नाहीत. पडतात ते इमारत तयार होईपर्यंत तिला धरून उभे असलेले टेकू. इमारतीचा हिशेब दहा जण तपासतात. टेकूंचा कोण तपासणार? ते महिन्याभरात निघायचेच असतात. भाड्यानं आणलेले, गंजलेले, पिन हरवली तिथं सळईचा तुकडा खुपसलेला, असा सगळा मामला.

नव्या यंत्रानं प्रत्येक टेकूला एक कान दिला आणि डोक्यावर एक छोटा जॅक दिला. कान ऐकायचा, मधला संगणक विचार करायचा आणि जॅक वरखाली होऊन भार एका टेकूवरून दुसऱ्यावर ढकलायचा. ते बनवणाऱ्या कंपनीनं त्याचं काहीतरी चकचकीत इंग्रजी नाव ठेवलं होतं. सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचा टेकूंचा सांगाडा, बांधणाऱ्या गड्यांनी पहिल्याच दिवशी त्याला ‘जागल्या’ म्हणायला सुरुवात केली आणि पुढे कंपनीची माणसंही तेच म्हणू लागली.

जागल्या आला तसे अपघात कमी झाले. मग बांधकाम कंपन्यांनी काय करावं? त्यांनी टेकू कमी केले. राखण करायला कुणी आहे म्हटल्यावर जास्तीचे टेकू हवेत कशाला, असा त्यांचा सरळ विचार. पूर्वी जिथं तीन टेकू लागायचे तिथं दोन आले. जो आधार माणसाच्या चुकांसाठी राखून ठेवलेला होता तो असा हळूहळू खाऊन टाकला गेला आणि त्याला सगळ्यांनी प्रगती म्हटलं.

आधार इतका कमी झाल्यावर जागल्याला एक नवी गोष्ट शिकवावी लागली. सगळंच वाचवता येत नसेल तेव्हा काय सोडायचं ते. स्लॅबचे खण पाडलेले असतात. सगळी सेंट्रिंग कोसळायच्या बेतात आली तर जागल्या एका खणाखालचे जॅक एकदम खाली घेतो. तो खण पडतो, बाकीचे वाचतात. कुठला खण सोडायचा हे तो माणसं मोजून ठरवतो. जिथं माणसं कमी, तो खण जातो. सोडण्याआधी तो वीस सेकंद थांबतो, हरकत आहे का विचारतो आणि कुणी बोललं नाही तर तो होकार समजतो.

मिरजेच्या बाहेर, म्हैसाळ रस्त्याला, एका मोठ्या सभागृहाचं काम चाललं होतं. तिथं जागल्याच्या स्क्रीनसमोर बसायचं काम वैजयंती मगदूमकडे होतं. तिचा हुद्दा कागदावर लांबलचक होता. गडी तिला ‘टेकूवाल्या म्याडम’ म्हणत. हुशार बाई. तिचा नवरा श्रेणिक त्याच कामावर साइट इंजिनिअर होता. प्रेमाचं लग्न, दोघांच्या घरच्यांनी आधी नाकं मुरडलेली, मग चारचौघांत त्यांचंच कौतुक केलेलं.

माणसं मोजायची म्हणजे प्रत्येकाच्या अंगावर चिप हवी. आधी ती हेल्मेटमध्ये होती. गडी हेल्मेट टेकूला अडकवून जेवायला बसत, त्यातून पेरू आणत. मग जागल्याला वाटे, खणात माणसं आहेत. जॅकेटमध्ये बसवली तर जॅकेटं सळयांवर वाळत पडायची. तेव्हा वैजयंतीनं सुचवलं, चिप बुटात घाला. जिथं पावलोपावली खिळे आणि सळयांची टोकं आहेत तिथं बूट काढायला कोण वेडा आहे? मुख्य कचेरीत तिची वाहवा झाली. तिची युक्ती कंपनीच्या सगळ्या कामांवर गेली.

सेंट्रिंगचा मिस्त्री होता बिराप्पा लवटे, जत तालुक्यातला. कामाला बरा, बोलायला तिखट आणि स्वतःबद्दल भलताच अभिमानी. त्याच्या टोळीची एक रीत होती. स्लॅब भरायचा सुरू झाला की ज्यांनी सेंट्रिंग बांधली त्यांनी तिच्या खाली जाऊन उभं राहायचं. कुठं गळती दिसली तर चिंध्या कोंबायच्या, कुठं पाचर सैल वाटली तर ठोकायची. जागल्या आल्यापासून त्याची काडीची गरज उरली नव्हती. वैजयंतीनं बंदी घातली.

बिराप्पा तिच्या केबिनच्या पायऱ्यांवर येऊन उभा राहिला.

“म्याडम, आमी बांधल्याल्या माळ्याखाली आमीच उभारायचं न्हाई, तर लोकास्नी कुठल्या तोंडानं म्हनायचं, या, बसा हितं म्हनून?”

“लोक येतील तेव्हा काँक्रीट वाळलेलं असेल, मिस्त्री. ओल्या स्लॅबखाली माणूस नको, हा नियम आहे.”

“माझ्या बापानं बी उभारून केलं, मी बी करतोय. ते तुमचं जागल्या हाय की. मानूस दिसलं तर वरडंल.”

“दिसलं तर ना. तुम्ही जाऊच नका.”

तो हसला, टॅबलेटवरच्या नियमाखाली अंगठा लावला आणि गेला. त्या अंगठ्याला काही अर्थ नाही हे वैजयंतीला कळायला हवं होतं. पण ती नियम सांगणारी होती आणि नियम सांगून झाला होता.

तिला आणखी एक गोष्ट कळायला हवी होती, आणि ती तर तिनं डोळ्यांनी पाहिलेली होती. प्रत्येक मोठ्या कामाला टोळी पहिल्या टेकूची पूजा करायची. हळदकुंकू, नारळ, तळाशी लिंबू. या कामाचा पहिला टेकू पश्चिमेच्या खणात होता. पूजेला वैजयंतीही गेली होती आणि जाताना खणाच्या कडेला तिनं आपले बूट काढले होते. सगळ्यांनीच काढले होते. देवापाशी बूट घालून जायचं नसतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तरी स्क्रीनसमोर बसल्यावर हे तिच्या ध्यानात आलं नाही. पूजेचं डोकं वेगळं आणि कामाचं वेगळं, तसं ते होतं.

स्लॅब भरायच्या दिवशी सकाळी पंप सुरू झाला. आधी पश्चिमेचा खण भरून झाला, मग नळी पूर्वेच्या खणावर गेली. वर श्रेणिक होता, त्याच्याबरोबर काँक्रीट बसवायचा व्हायब्रेटर धरणारे तिघे. एकूण चार माणसं. पश्चिमेच्या खणावर आता कुणी नव्हतं. तिथं ओलं काँक्रीट पसरून पडलं होतं.

दोन खणांच्या मधली टेकूंची रांग दोन्हीकडचा भार घेत होती. तिच्याखालची जमीन जुन्या खाणीतल्या भरावाची होती आणि ती दबू लागली. वैजयंतीच्या स्क्रीनवर मधली रांग आधी पिवळी झाली. जागल्यानं जॅक हलवले, भार इकडून तिकडे ढकलला, पुन्हा ढकलला. ढकलायला जागाच उरली नव्हती. जास्तीचे टेकू असते तर होती. रांग लाल झाली.

“मधली रांग जाते आहे,” जागल्या आपल्या शांत आवाजात म्हणाला. “एक खण सोडावा लागेल. पूर्व खणात माणसं चार. पश्चिम खणात माणसं शून्य. पश्चिम खण सोडतो आहे. हरकत असल्यास बोला.”

वैजयंतीला आधी सुटल्यासारखं वाटलं. शून्य. काँक्रीट वाया जाईल, आठवडाभर बोलणी खावी लागतील, पण श्रेणिक वाचला.

मग तिला स्क्रीनवर ते ठिपके दिसले. पश्चिमेच्या खणाच्या अगदी कडेला, बाहेरच्या बाजूला, सात ठिपके. एका सरळ ओळीत, एकही जागचा हलत नव्हता. माणसं अशी उभी राहत नाहीत. तिनं खिडकीतून पाहिलं. खणाच्या कडेला बुटांचे सात जोड नीट लावून ठेवले होते. आत टेकूंच्या रांगांमध्ये अंधार होता. त्या अंधारात बिराप्पा आणि त्याची माणसं अनवाणी उभी होती.

तिनं फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ‘पश्चिमेला सात माणसं आहेत.’ जागल्यानं लगेच ऐकलं असतं. त्यानं पुन्हा मोजलं असतं, सात आणि चार, आणि पूर्वेचा खण सोडला असता. यंत्राला नवराबायको कळत नाही.

तिनं तोंड उघडलं. वर, पूर्वेच्या खणावर, श्रेणिक हात हलवून पंपवाल्याला थांब म्हणत होता. शिडी पलीकडच्या टोकाला होती. तो तिथवर पोचणं शक्य नव्हतं. तिनं तोंड मिटलं. दोन्ही हात मांडीवर ठेवले. कुणीही सांगितलं असतं की ती घाबरून गोठली. ती गोठली नव्हती. तिला तिचं मन लख्ख कळत होतं. तिला आपला नवरा हवा होता आणि त्यासाठी ती सात माणसं जाऊ देत होती.

“हरकत नाही,” जागल्या म्हणाला आणि त्यानं जॅक खाली घेतले.

पश्चिमेचा खण एकदमच बसला. आवाज झाला, धूळ मात्र उडाली नाही, कारण सगळं ओलं होतं. पूर्वेचा खण हलला आणि थांबला. मधली रांग टिकली. जागल्याचा हिशेब तंतोतंत बरोबर आला.

पहिल्यांदा सगळे म्हणाले, देवानं वाचवलं, खाली कुणी नव्हतं. मग पाण्याची घागर घेऊन आलेली बिराप्पाची बायको मायाक्का बुटांपाशी उभी राहून ओरडायला लागली, तेव्हा सगळे धावले. श्रेणिक वरून उतरला तो थेट काँक्रीटमध्ये शिरला आणि उघड्या हातांनी उपसायला लागला. पण काँक्रीट कुणासाठी थांबत नाही. संध्याकाळपर्यंत ते घट्ट झालं. त्यानंतर माणसं काढायला ड्रिल लावावं लागलं आणि मायाक्काला तिथून लांब नेऊन बसवावं लागलं.

चौकशी झाली. चौकशीला सगळ्यात सोपं होतं ते यंत्राचं म्हणणं, आणि यंत्राचं म्हणणं होतं, माणसं शून्य. बंदी असलेल्या जागी बूट काढून, म्हणजे यंत्राला चुकवून, सात जण शिरले. चोर शिरतात तसे. त्यांच्या अंगठ्यांचे ठसे नियमाखाली होतेच.

मायाक्का वैजयंतीच्या दारात आली. आली ती भांडायला नव्हे.

“म्याडम, तुमी येवढंच सांगा तितं. ती मानसं कामाला हुती. चोरावानी गेली न्हवती. तुमची खिडकी समोरच हुती.”

“मला दिसलं नाही हो, मायाक्का.”

“बुटं बी न्हाई दिसली?”

“नाही.”

मायाक्का उंबऱ्यातच खाली बसली. “माझं पोरगं इचारतंय, बाबा चोरी कराय गेलता का म्हनून. त्याला काय सांगू?”

वैजयंतीनं तिला चहा विचारला. मायाक्का चहा न घेता गेली.

आत श्रेणिक ऐकत होता. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. “नको मनाला लावून घेऊस, वैजू. तुला दिसलं असतं तर तू बोलली असतीस. मला माहीत आहे ना.”

हे तो अधूनमधून म्हणायचा. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा ती न्हाणीघरात जाऊन रडली होती. पुढे पुढे त्याचा हात खांद्यावर आला की तिचं अंग आक्रसायचं. इतका विश्वास टाकणाऱ्या माणसाला ती फसवत होती, आणि त्याला फसवण्यासाठीच त्याला वाचवलं की काय असं तिला वाटू लागलं. खरं सांगून टाकावं असं रोज ठरवायची. खरं कळलं तर तो आपल्याला टाकेल, ही भीती रोज जिंकायची.

एके दिवशी दुपारी जागल्या बनवणाऱ्या कंपनीचा माणूस आला. इशान परुळेकर नावाचा, तरतरीत, अतिशय नम्र.

“आम्ही चौकशीवाले नाही, मॅडम,” तो केबिनमध्ये बसत म्हणाला. “आमचं काम यंत्राला शिकवण्याचं. तुमचा एक प्रसंग आमच्याकडे अडकून राहिलाय.”

त्यानं आपला टॅबलेट पुढे केला. त्यावर वैजयंतीचाच चेहरा होता. स्क्रीनसमोरचा माणूस झोपला नाही ना, हे पाहायला जागल्याच्या वर एक कॅमेरा असतो. ते ती विसरली होती. चित्रात तिची नजर ठिपक्यांवर गेली, मग खिडकीकडे, खाली, बुटांवर. तिथं ती थांबली. तोंड उघडलं. तोंड मिटलं.

वैजयंतीनं टॅबलेट उलटा करून टेबलावर ठेवला.

“घाबरू नका,” परुळेकर म्हणाला. “असं बघा, जागल्या माणसांकडून शिकतो. माणसाला बोलता येत होतं आणि तो बोलला नाही, अशी जागा आली की जागल्या अडतो. त्याला कळत नाही, ही चूक होती की असंच करायचं असतं? ते तुम्हीच सांगायचं. तुम्ही ‘चूक’ म्हणालात, तर यापुढं स्क्रीनसमोरच्या माणसाची नजर कुठं गेली हेही जागल्या मोजेल. तुम्ही नुसतं पाहिलंत तरी तो थांबेल. पुष्कळ जीव वाचतील, खरं तर. पण मग हे चित्र चूक म्हणून नोंदलं जाईल आणि चुका आम्हाला चौकशीकडे द्याव्या लागतात.”

“आणि ‘बरोबर’ म्हटलं तर?”

“तर प्रसंग मिटला. चित्र पुसलं जाईल. जागल्या शिकेल, की ज्यांची नोंद नाही त्यांना मोजायचं नाही.”

देशभरात जागल्याचे किती टेकू उभे असतील, त्यांच्याखाली किती ठिकाणी किती माणसं या ना त्या कारणानं बूट काढत असतील, ते वैजयंतीच्या डोळ्यांपुढून गेलं. नाही गेलं असं नाही. त्यामागोमाग श्रेणिकचा चेहरा आला, हे चित्र पाहत असलेला.

“बरोबर होतं,” ती म्हणाली.

“छान.” परुळेकरनं बोट टेकवलं. “म्हणजे जुळलं.”

“कशाशी?”

“दुसऱ्या उत्तराशी. एकाच माणसाच्या शब्दावर जागल्या नियम करत नाही. त्या वेळी हरकत घ्यायचा अधिकार दोघांना होता ना? स्क्रीनवर तुम्हाला आणि वर मगदूम साहेबांना. त्यांच्या हेल्मेटच्या कॅमेऱ्यात ती माणसं खणात शिरताना स्वच्छ दिसतात. साहेबांनी त्यांना हात पण केलाय. पुढं त्यांच्या कानात जागल्या म्हणाला, पश्चिमेला शून्य, हरकत असल्यास बोला. तेही बोलले नाहीत.” तो उठला. “सकाळीच त्यांना विचारलं. त्यांचंही उत्तर ‘बरोबर’च आहे.”



“आता अशा ठिकाणी जागल्या विचारत बसणार नाही. वीस सेकंद वाचतील,” परुळेकर दारातून म्हणाला. “नोंद असलेल्या माणसांचं वेगळं. तिथं तुमचा शब्द आधीसारखाच चालेल.”

दिवस मावळायच्या आत जेवायची त्यांच्या घरची रीत होती. वैजयंती घरी आली तेव्हा श्रेणिकनं पानं घेतली होती. वांग्याची भाजी, भाकरी, दही. नोंद नसलेल्यांना मोजायचं नाही, हा नवा नियम दुपारीच सगळ्या इंजिनिअरांच्या फोनवर आला होता आणि दोघांचंही उत्तर ‘बरोबर’ असल्याशिवाय तसा नियम येत नाही, हे आता त्या घरात दोघांनाही ठाऊक होतं.

“तो परुळेकर तुझ्याकडे आला होता?” श्रेणिकनं विचारलं.

“आला होता.”

“काय सांगितलंस?”

“चूक झाली म्हणून सांगितलं.”

“मीपण,” तो म्हणाला.

दोघं जेवू लागली. ती त्याच्याकडे पाहत होती. तो उघड्या हातांनी काँक्रीट उपसत होता ते तिला आठवलं. तेव्हा त्याला नेमकं कुठं उपसायचं ते माहीत होतं. तुला दिसलं असतं तर तू बोलली असतीस, असं म्हणताना तो तिच्या डोळ्यांत काय शोधत होता तेही आता कळलं. सात माणसं देऊन तिनं हा माणूस घेतला होता, आणि तो समोर बसून भाकरी मोडत असताना तिला तो नको झाला होता. अगदी स्वच्छ, शांतपणे नको झाला होता.

श्रेणिकनं मान वर केली आणि ते तिच्या चेहऱ्यावर वाचलं. इतक्या वर्षांचा संसार, वाचता येणारच.

“उद्या गॅलरीचा स्लॅब आहे,” तो म्हणाला. “मला वर थांबावं लागेल.”

“माहीत आहे.”

त्यानं भाजीत बोटं फिरवली. घास काही उचलला नाही.

“वैजू, उद्या स्क्रीनवर दुसऱ्या कुणाला बसवता येणार नाही का?”

“नाही,” ती म्हणाली आणि तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.